आज्ञा कीं रदबदली? मुसलमान स्त्रीच्या फारकतीचा इतिहास

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत पंजाबांतील दिवाणी न्यायालयांपुढें एक चमत्कारिक प्रकार पुनःपुन्हां येऊं लागला होता. एखादी विवाहित मुसलमान स्त्री पुढें येई आणि आपण इस्लाम धर्माचा त्याग केला आहे, असें निवेदन करी. तिला परधर्माचें तत्त्वज्ञान पटलेलें असे, असें क्वचितच घडे. तिला हवी असे ती फारकत. नवरा परागंदा झालेला असे. किंवा गांवांतच असून नांदवीत नसे आणि सोडीतही नसे. किंवा मारझोड करी. हिंदुस्थानांतील बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी संप्रदायाचे अनुयायी आहेत, त्या संप्रदायाच्या शास्त्राप्रमाणें अशा स्त्रीला सुटकेचा मार्ग जवळजवळ नव्हता. मात्र त्याच शास्त्राचें असेंही एक वचन होतें कीं, पतिपत्नींपैकीं कोणीही धर्म सोडला तर विवाह तत्क्षणीं तुटतो. तेव्हां नवरा सोडण्यासाठीं धर्म सोडावयाचा, असा हा हिशेब होता. कवि महंमद इक्बाल यांनीं आपल्या धर्मविचारावरील इंग्रजी व्याख्यानांत, जीं १९३० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं, पंजाबांतील या प्रकाराचा मुद्दाम उल्लेख केला आहे, आणि ज्या शास्त्राचा हेतु धर्माचें रक्षण हा, त्याचाच परिणाम असा व्हावा काय, असा प्रश्न केला आहे.

इस्लाम स्त्रीला समान लेखतो कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित वर्गांत फार सैलपणें विचारला जातो. कोणी कुराणांतील एक वचन काढून दाखवितो, कोणी दुसरें. आणि वाद तेथेंच संपतो. आम्हांस असें वाटतें कीं, वचनें काय आहेत याच्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न तीं वचनें कोणी वाचलीं, कोणत्या काळीं वाचलीं आणि वाचणाऱ्याच्या हातीं कोणती सत्ता होती, हा आहे. फारकतीचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधक आहे. आणि तो पाहतांना वाचकांनीं एक गोष्ट विसरूं नये. ज्या काळाविषयीं आम्ही लिहीत आहों, त्या काळीं हिंदु स्त्रीला फारकतीचें दार बंद होतें असें म्हणण्यापेक्षां, तिच्या घराला तें दारच नव्हतें असें म्हणणें अधिक यथार्थ होईल. कांहीं जातींच्या काडीमोडाच्या रूढी सोडल्या, तर मुंबई इलाख्यांत १९४७ सालीं आणि भारतभर १९५५ सालीं कायदा झाला, तेव्हां कोठें तें दार बसविलें गेलें. तेव्हां शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवितांना आपलें बोट थोडें वांकलेलें असावें, हें बरें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. त्यासाठीं सातव्या शतकांतील मदीनेपर्यंत मागें गेलें पाहिजे. हदीसांच्या संग्रहांत ज्याचें प्रामाण्य सर्वांत थोर मानतात, त्या बुखारींच्या संग्रहांत दोन स्त्रियांच्या कथा आहेत.

पहिली बरीरेची. बरीरा ही दासी. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांनीं तिला विकत घेऊन मुक्त केलें. तिचा नवरा मुगीस हा मात्र दासच राहिला. मुक्त झालेल्या स्त्रीनें दास पतीजवळ राहावें कीं न राहावें, याची निवड तिच्यावर सोंपविलेली होती, आणि बरीरेनें न राहण्याचें ठरविलें. मुगीसचें तिच्यावर विलक्षण प्रेम होतें. मदीनेच्या रस्त्यांतून तो तिच्या मागोमाग रडत फिरे, आणि अश्रूंनीं त्याची दाढी भिजून जाई. तें पाहून पैगंबरांना आश्चर्यही वाटलें आणि करुणाही आली. यानें हिच्यावर इतकें प्रेम करावें आणि हिनें याचा इतका तिटकारा करावा, हें केवढें नवल, असें ते आपले चुलते अब्बास यांस म्हणाले. मग त्यांनीं बरीरेला नवऱ्याकडे परत जाण्याविषयीं सुचविलें. तिनें विचारलें, ही आपली आज्ञा आहे काय? पैगंबरांनीं सांगितलें कीं, नाहीं, ही केवळ रदबदली आहे. तेव्हां, तर मग मला तो नको, असें सांगून ती मोकळी झाली.

कालपर्यंत दासी असलेल्या या बाईची कुशाग्र बुद्धि पाहण्यासारखी आहे. ज्यांच्या शब्दाखातर लोक प्राण देण्यास सिद्ध होते, त्यांना ती विचारते कीं, आपण बोललांत तो हुकूम समजावयाचा कीं सल्ला? आणि सल्ला आहे असें कळतांच तो न मानण्याचा आपला अधिकार ती बजावते. पैगंबर रागावल्याचें कोठेंही नमूद नाहीं.

दुसरी कथा साबित बिन कैस यांच्या पत्नीची. तिच्या नांवाविषयीं मतभेद आहे. कोणी जमीला म्हणतात, कोणी हबीबा. तिनें पैगंबरांपाशीं येऊन सांगितलें कीं, आपल्या नवऱ्याच्या शीलांत किंवा धर्माचरणांत कांहीं खोट नाहीं. परंतु आपणांस त्याच्याशीं राहवत नाहीं, आणि तशा मनानें राहिल्यास आपल्या हातून अधर्म घडेल असें भय वाटतें. साबितनें तिला मेहेर म्हणून एक बाग दिली होती. ती परत देशील काय, असें पैगंबरांनीं विचारलें. ती हो म्हणाली. तेव्हां त्यांनीं साबितला बाग घेऊन तिला तलाक देण्यास सांगितलें. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यांत, उभयतांकडून ईश्वरी मर्यादा पाळल्या जाणार नाहींत असें भय असेल तर स्त्रीनें कांहीं देऊन आपली सुटका करून घेण्यांत दोष नाहीं, अशा अर्थाची जी आयत आहे, तिचा हा व्यवहारांतील दाखला. शास्त्रांत या प्रकाराला खुला असें नांव आहे. येथें नवऱ्याचा कांहीं अपराध सिद्ध करावा लागला नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. मन उडालें, एवढें कारण पुरेसें झालें.

पुढें शास्त्रकार आले. पैगंबरांनीं साबितला जें सांगितलें तें काय होतें, आज्ञा कीं सल्ला? चारही सुन्नी संप्रदायांतील बहुतेक शास्त्रकारांनीं सांगितलें कीं तो सल्ला होता. म्हणून खुल्याला नवऱ्याची संमति पाहिजे. नवरा नाहीं म्हणाला, तर स्त्रीनें बाग देऊं केली काय किंवा अख्खें गांव देऊं केलें काय, तिची सुटका नाहीं. जो भेद ओळखून बरीरा मोकळी झाली, त्याच भेदाच्या आधारानें पुढील हजार वर्षें इतर स्त्रिया बांधल्या गेल्या. बरीरेची कथाही शास्त्रकारांनीं टाकून दिली नाहीं. मुक्त झालेल्या दासीचा विशेष हक्क म्हणून तिला एका वेगळ्या कोनाड्यांत ठेवून दिलें, एवढेंच.

असाच प्रकार चौथ्या सूऱ्यांतील एका आयतीचा. पतिपत्नींत बेबनाव होईल असें वाटल्यास त्याच्या कुळांतला एक आणि तिच्या कुळांतला एक असे दोन पंच नेमावे, असें ती सांगते. या पंचांचे अधिकार काय? हनफी म्हणाले कीं, त्यांनीं समेट घडवावा. नवऱ्यानें मुखत्यारी दिल्यावांचून त्यांना विवाह तोडतां येत नाहीं. मालिकी म्हणाले कीं, ते पंच म्हणजे न्यायाधीशच. त्यांना तोडणें योग्य वाटलें तर त्यांनीं तोडावें. आयत एकच, परंतु माघरेबमधील स्त्रीला तींतून जें मिळालें तें लाहोरच्या स्त्रीला मिळालें नाहीं. बेपत्ता नवऱ्याची गोष्ट तर याहून नवलाची आहे. खलिफा उमर यांच्या एका निर्णयाला अनुसरून मालिकी संप्रदाय चार वर्षें वाट पाहावयास सांगतो. त्यानंतर वैधव्याची मुदत पाळून स्त्री पुनर्विवाहास मोकळी. हनफी शास्त्रकारांच्या मतें नवऱ्याच्या बरोबरीचे लोक मरून जाईपर्यंत थांबावयाचें. कित्येकांनीं सोय म्हणून नवऱ्याच्या जन्मापासून नव्वद वर्षें असा आंकडा ठरवून दिला! विसाव्या वर्षीं परागंदा झालेल्या नवऱ्याची बायको सत्तर वर्षें कुंकवाविना सौभाग्यवतीच.

मालिकींचा मुलूख दूर आफ्रिकेंत, म्हणून ही तुलना कोणास पुस्तकी वाटेल. परंतु तिचें एक उदाहरण आपल्या किनाऱ्यावरच आहे. अरबी व्यापाऱ्यांशीं जुना संबंध असल्यामुळें कोंकणी मुसलमान शाफई संप्रदायाचे आहेत. आणि दारिद्र्यामुळें पतीला पत्नीचें पोषण करवत नसेल, तर काजीकडून विवाह रद्द करून घेण्याची मुभा शाफई शास्त्र देतें. हनफी शास्त्रांत मात्र काजीनें बायकोला नवऱ्याच्या नांवावर कर्ज काढण्याची परवानगी द्यावी असें सांगितलें आहे! रत्नागिरीचा बंदरकिनारा सोडून घाट चढून वर आलें, कीं एकाच धर्माच्या दोघी बायकांना दोन निराळीं शास्त्रें लागूं होत. ही विविधता आमच्या मतें इस्लामी धर्मशास्त्राची मोठी जमेची बाजू होय. जुने काजी अडचणीच्या प्रसंगीं दुसऱ्या संप्रदायाच्या काजीकडे प्रकरण सोंपवीत, आणि कांटा न मोडतां निघे.

इंग्रजी अमलानें हें कुलूप अधिक घट्ट केलें. हें विधान कित्येकांस विपरीत वाटेल, परंतु घडलें तसेंच. बाराव्या शतकांतील मर्घिनानी यांच्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथाचें चार्ल्स हॅमिल्टन यानें केलेलें इंग्रजी भाषांतर १७९१ सालीं प्रसिद्ध झालें, आणि तेंही मूळ अरबीवरून नव्हे, तर फारसी अनुवादावरून. इंग्रज न्यायाधिशांच्या टेबलावर तें संहितेसारखें जाऊन बसलें. वस्तुतः तो वादप्रतिवादांचा ग्रंथ. त्याचें कलमवार पुस्तक बनलें. मग १८६४ सालीं न्यायालयांतील काजींचीं पदें मोडण्यांत आलीं. दुसऱ्या संप्रदायाकडे प्रकरण सोंपविणारा काजीच उरला नाहीं, तेव्हां ती वाटही बंद झाली. १८६१ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें बंगालमधील एका खटल्यांत, खुला म्हणजे नवऱ्याच्या संमतीनें होणारी फारकत, असें नमूद करून ठेवलें होतेंच. १८९७ सालीं त्याच कौन्सिलनें आणखी एक पाऊल टाकलें. एका विधवेच्या पोटगीच्या दाव्यांत तिच्या वतीनें कुराणांतील आयत पुढें करण्यांत आली, तेव्हां प्राचीन आणि अधिकारी भाष्यकारांनीं जो निर्णय दिला आहे, त्याविरुद्ध न्यायालयांनीं कुराणाचा आपला स्वतंत्र अर्थ लावूं नये, असें ठरलें. न्यायाधिशांचा यांत दुष्ट हेतु होता असें आम्ही म्हणत नाहीं. परक्या धर्मांत हात घालूं नये, हा सावधपणाच त्यामागें होता. परंतु परिणाम असा झाला कीं, ज्या प्रश्नांवर भाष्यकार आपसांत शतकानुशतकें भांडत आले होते, त्या प्रश्नांवर भांडण्याची बंदी झाली.

धर्मत्यागाचें दार मात्र याच राजवटींत सताड उघडें पडलें. जुन्या हनफी शास्त्रकारांना बायकांची ही युक्ति ठाऊक नव्हती असें नाहीं. बुखाऱ्याच्या पंडितांनीं असा तोडगा काढला होता कीं, विवाह तुटेल खरा, पण अशा स्त्रीला सक्तीनें पुन्हां मुसलमान करून त्याच नवऱ्याशीं निकाह लावून द्यावा. बल्खच्या पंडितांनीं सरळच सांगितलें कीं, धर्म सोडला तरी विवाह तुटत नाहीं. यावरून एवढें उघड होतें कीं, मध्य आशियांतील बायकाही शेंकडों वर्षांपूर्वीं तेंच करीत होत्या. नाहीं तर पंडितांना तोडगा काढण्याचें कारण काय? इंग्रजी अमलांत धर्मत्यागाला शिक्षा उरली नाहीं. विवाह तुटण्याचें वचन तेवढें ‘हिदायें’त शिल्लक राहिलें. कायद्याची अर्धी कात्री राहिली, आणि बायकांनीं त्या अर्ध्या कात्रीनें आपलें बंधन कापलें.

या प्रश्नावर विचार करणारे लोक कोणत्या प्रकारचे होते, हें पाहिल्यास मोठी मौज वाटते. देवबंदला शिकलेले सय्यद मुमताज अली यांनीं ‘हुकूक-ए-निस्वां’, म्हणजे स्त्रियांचे हक्क, या नांवाचा उर्दू ग्रंथ लिहिला, आणि पुरुषाचें स्वभावसिद्ध श्रेष्ठत्व कुराणावरून सिद्ध होत नाहीं, असें त्यांत प्रतिपादन केलें. असें सांगतात कीं, त्याचें हस्तलिखित पाहून सर सय्यद अहमद खान इतके अस्वस्थ झाले कीं, त्यांनीं तें फाडून टोपलींत टाकलें. अलीगढचें महाविद्यालय स्थापून मुसलमान तरुणांस पाश्चात्त्य विद्येची गोडी लावणारा हा थोर सुधारक स्त्रियांच्या प्रश्नापाशीं येऊन अडखळला. सर सय्यद १८९८ सालीं निवर्तले, आणि त्याच वर्षीं तो ग्रंथ छापला गेला. त्याच वर्षीं मुमताज अलींच्या पत्नी महंमदी बेगम यांच्या संपादकत्वाखालीं ‘तहजीब-ए-निस्वां’ हें स्त्रियांचें साप्ताहिक लाहोरास निघालें. तें पुढें अर्धशतक चाललें.

तथापि कायदा घडविला तो सुधारकांनीं नव्हे. मौलाना अश्रफ अली थानवी हें नांव उत्तरेकडील मुसलमान घरांत ‘बहिश्ती जेवर’ या स्त्रीधर्मावरील पुस्तकामुळें सर्वतोमुखीं झालेलें. आणि त्या पुस्तकांतील स्त्री आज्ञाधारक, पडद्यांतली, नवऱ्याच्या मर्जीबाहेर न जाणारी आहे. या गृहस्थास कोणी समतावादी म्हणेल तर तेच प्रथम रागावतील. धर्मत्यागानें विवाह तुटतो, हेंच रूढ मत त्यांनींही आधींच्या काळांत दिलें होतें. परंतु स्त्रिया धर्म सोडूं लागल्या, तेव्हां हा विषय त्यांस नव्यानें उघडावा लागला. त्यांनीं हिजाजमधील मालिकी पंडितांशीं पत्रव्यवहार केला, त्यांचे फतवे मागविले, आणि ‘अल्-हीलतुन्-नाजिजा’ हा ग्रंथ १९३१ सालीं सिद्ध करून १९३३ त प्रसिद्ध केला. असहाय पत्नीसाठीं यशस्वी उपाय, असा त्या लांबलचक अरबी नांवाचा भावार्थ. बेपत्ता, वेडा किंवा पोषण न करणारा नवरा असल्यास हनफी स्त्रीला मालिकी मताचा लाभ द्यावा. काजी नसेल तेथें मुसलमानांच्या पंचायतीनें निर्णय करावा. आणि बल्खचें मत स्वीकारून धर्मत्यागानें विवाह तुटत नाहीं असें धरावें, असें त्यांनीं सांगितलें. शिवाय निकाहाच्या वेळींच ठराविक अटींवर तलाकाचा अधिकार पतीनें पत्नीकडे सोंपवावा, अशी तरतूदही त्यांनीं सुचविली. शास्त्रांत तिला तफवीझ म्हणतात, आणि ती हनफी शास्त्रांतच पूर्वापार होती.

या ग्रंथाच्या पायावर महंमद अहमद काझमी यांनीं १९३६ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत विधेयक आणलें. जमियत-उल्-उलेमा त्याच्या पाठीशीं होती. १७ मार्च १९३९ रोजीं तो कायदा झाला. नवरा चार वर्षें बेपत्ता असणें, दोन वर्षें पोषण न करणें, सात वर्षांची कैद, तीन वर्षें वैवाहिक कर्तव्य न करणें, नपुंसकत्व, वेड, क्रूरपणा, अशा कारणांवरून कोणत्याही संप्रदायाच्या मुसलमान स्त्रीला न्यायालयाकडून फारकत मिळूं लागली. क्रूरपणाच्या कलमांत, अनेक बायका असतांना कुराणाच्या आज्ञेप्रमाणें त्यांना समानतेनें न वागविणें, हेंही घालण्यांत आलें. पंधरा वर्षांच्या आंत बापानें लग्न लावून दिलेल्या मुलीला, पतीशीं संबंध आलेला नसल्यास, अठरा वर्षें पूर्ण होण्यापूर्वीं तें लग्न नाकारतां येऊं लागलें. बापानें लावलेलें लग्न मोडण्याचा असा हक्क हनफी शास्त्रांत तिला नव्हता. चार वर्षांचा आंकडा सरळ मालिकींकडून आला आहे, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

पण या कायद्यांत देवाणघेवाणही आहे. चौथ्या कलमानें, मुसलमान स्त्रीनें धर्म सोडल्यानें तेवढ्यावरूनच तिचा विवाह तुटणार नाहीं, असें ठरविलें; म्हणजे तिनें स्वतः शोधलेलें दार बंद करून तिला नवीन दार देण्यांत आलें. फारकतीचा निवाडा मुसलमान न्यायाधिशानेंच करावा, ही उलेमांची मागणी मात्र चिकित्सा-समितींत गळाली, आणि त्यामुळें कायदा होऊनही जमियतेचें समाधान झालें नाहीं. आमचें मत विचाराल तर दोन्ही पक्षांच्या पदरांत कांहीं ना कांहीं पडलें. आणि ज्यांनीं धर्म सोडण्याचें धाडस करून हा प्रश्न सर्वांच्या दारीं आणला, त्या बायकांचा कोणीही आभार मानला नाहीं.

शिवाय तराजूचें दुसरें पारडें जसेंच्या तसें राहिलें. बायकोनें कारणें सिद्ध करावयाचीं, साक्षीदार आणावयाचे; नवऱ्यानें एका दमांत तीन वेळां तलाक म्हटलें कीं काम झालें. या प्रकाराविषयीं आमच्या मुंबईच्या उच्च न्यायालयांत १९०५ सालीं न्यायमूर्ति बॅचलर यांनीं, धर्मदृष्ट्या निंद्य असला तरी कायदेदृष्ट्या असा तलाक सिद्ध होतो, असा निर्णय दिला होता. धर्माच्या नांवावर चालणाऱ्या कायद्यांत धर्मदृष्ट्या निंद्य गोष्ट चालावी, हा विरोधाभास पुढें एकशें बारा वर्षें टिकला. १८ एप्रिल १९६६ रोजीं हमीद दलवाई यांनीं सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला, तो याच अन्यायाविरुद्ध. सातच स्त्रिया; परंतु त्या मोर्चाची आठवण महाराष्ट्रास अद्याप आहे. २२ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तीन विरुद्ध दोन अशा मतांनीं तो तलाक रद्द ठरविला. बहुमतांतील तिघांपैकीं न्यायमूर्ति कुरियन जोसेफ यांनीं राज्यघटनेऐवजीं कुराणाचाच आधार घेतला: कुराणाला जें अमान्य, तें त्याच्या नांवानें चालणाऱ्या कायद्यांत मान्य कसें होईल, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. १८९७ च्या निर्बंधाची गांठ येथें सुटली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

साबितच्या पत्नीची कथाही मध्यंतरीं पुन्हां उघडली गेली. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं खुर्शीद बीबी खटल्यांत त्या हदीसाचा नव्यानें विचार केला, आणि पतिपत्नींत ईश्वरी मर्यादा पाळल्या जाणार नाहींत अशी न्यायालयाची खात्री झाल्यास नवऱ्याच्या संमतीवांचूनही खुला देतां येतो, असें ठरविलें. इजिप्तनें २००० सालीं तसाच कायदा केला. आमच्याकडे केरळच्या उच्च न्यायालयानें २०२१ सालीं खुल्याचा हक्क पतीच्या संमतीवर अवलंबून नाहीं असा निर्णय देऊन १९७२ चा आपलाच जुना निकाल फिरविला. आज्ञा कीं रदबदली, या प्रश्नाचें उत्तर तेराशें वर्षांनीं बदललें. हदीसांतील शब्द मात्र तेच आहेत.

राहतां राहिली थानवींची तफवीझ. तिला ना कायदेमंडळाची गरज, ना न्यायालयाची. निकाहाच्या वेळीं नवऱ्याच्या हातची एक ओळ पुरते. पाकिस्तान व बांगला देश येथील छापील निकाहनाम्यांत त्यासाठीं अठरावा रकाना आहे. तलाकाचा अधिकार पतीनें पत्नीस दिला आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटींवर, असें त्यांत विचारलेलें असतें. लग्नघरच्या गडबडींत वधूला न विचारतांच कित्येक ठिकाणीं त्यावर आडवी रेघ मारली जाते.